माझे सहा, ह्यांचे सहा

मँगो, स्पून, टायगर, विंडो, ऑनियन, सॉल्ट. हे सहा शब्द मी चार वर्षं घराबाहेर कुणाला सांगितले नाहीत, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. आता सांगायला हरकत नाही. निम्म्या किल्लीनं कुठलं कुलूप उघडतंय!

मूळ दोष माझाच. शेंद्र्याच्या कारखान्यातून हे निवृत्त झाले, तेव्हा सगळी रक्कम गुलमंडीजवळच्या एका छोट्या बँकेत ठेवा, असा हट्ट मी धरला. का, तर व्याज पाव टक्का जास्त, आणि तिथला मॅनेजर ‘मावशी, बसा’ म्हणून पंख्याखाली खुर्ची द्यायचा. तेव्हाची मी, साठीला आलेली पोरगी, त्या खुर्चीवर भाळले. वर्षभरात बँकेवर निर्बंध आले. पैसे आपलेच, पण ठरावीक रकमेच्या वर काढायचे नाहीत. दाराशी ही झुंबड. मॅनेजर तोच, पण आता खुर्ची नाही आणि वर बघणंही नाही.

पैसे सुटायला दोन वर्षं लागली. तोवर ह्यांचा बँकेच्या सही-शिक्क्यावरचा विश्वास उडाला होता. नातीनं डिजिटल नाण्याचं सांगितलं. त्याला बँक नाही, मॅनेजर नाही, कुणी अडवत नाही.

"म्हंजे मधी कुणाचं कुलूपच नाय," हे म्हणाले. निम्मी रक्कम त्यात घातली, निम्मी एका मोठ्या बँकेत.

त्या नाण्यांची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. नात म्हणाली, "आजोबा, कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवा." पण ह्यांच्या डोक्यात बँकेतला लॉकर बसलेला. त्याला दोन किल्ल्या लागतात, एक त्यांची, एक आपली. "अगं, सहा तुझे, सहा माझे. चोर आला तर दोघांना उचलून नेईल का?" असं म्हणत ह्यांनी कागद गॅसवर जाळला.

माझ्या सहांत आंबा, चमचा, कांदा, मीठ, म्हणजे निम्मा स्वयंपाकच आला म्हणून मी खूश. पुढं दोनदा हे आपले सहा मला सांगायला आले. मी म्हटलं, "राहू द्या. तुमचे ऐकले तर माझे विसरायची. आन् भांडण झालं तर तुम्हाला माझ्यापाशी यावंच लागंल की!" लई शहाणी होते मी.

गेल्या उन्हाळ्यात कुंड्यांना पाणी घालताना हे कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हातातला फोन हौदात पडला तो कायमचाच. नव्या फोनवर ती नाणी आणायची तर बाराच्या बारा शब्द हवेत.

मोठ्या बँकेनंही अडवलंच. खातं ह्यांच्या एकट्याच्या नावावर, आणि सही करणारा हात लुळा. मी चार चकरा मारल्या, काउंटरवर भांडले, रडलेही. शेवटी त्यांचा माणूस घरी येऊन अंगठा घेऊन गेला. दवाखान्याचं बिल त्यातून भागलं. ह्यांना बोलतं करायला ज्या बाई यायच्या, त्यांची फी नाण्यांतून द्यायची होती. पण तिकडं भांडायला काउंटरच नव्हता. नाही म्हणायलासुद्धा कुणी नव्हतं.

महिन्याभरात बाईंचं येणं थांबवावं लागलं. मग मीच बाई झाले. रोज दुपारी ह्यांच्या कानाशी बसायचं, माझे सहा शब्द म्हणायचे आणि थांबायचं. नात पेन घेऊन पायाशी. ह्यांचे ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा, डोळ्यांतून पाणी. शब्द यायचा नाही. ह्यांना ते सहा आठवत होते, हे मला दिसत होतं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मी ‘सॉल्ट’ म्हणून थांबले, आणि ह्यांच्या घशातून काहीतरी आलं. स्पष्ट आलं.

"आजी, सातवा काय म्हणाले?" नातीनं कागद पुढं ओढला.

"लिहू नको बाळा," मी म्हटलं. "‘अगं’ म्हणाले, मला."

चार दिवसांनी हे गेले. दुपारी अजून सवयीनं माझे सहा म्हणून होतात. मग मी थोडी थांबते.