तिच्या हाताची मूठ

माझ्याकडे एक रिव्हॉल्वर आहे. किंवा होतं म्हणू. हे वाचून कुणी दचकू नये. जर्मनीत त्सुफेनहाउझेनला नोकरी करणारा, पोट थोडं सुटलेला, भाजी आणायला कापडी पिशवी घेऊन जाणारा मराठी इंजिनिअर आहे मी. आमच्या गावात एक नेमबाजीचा क्लब आहे. इथे त्याला श्युट्सेनफेराइन म्हणतात आणि प्रत्येक गावाला तो असतोच, आपल्याकडे गणपती मंडळ असतं तसा. इथे आलो तेव्हा हाताखाली घेऊन काम शिकवणारा माझा पहिला साहेब मला एका शनिवारी तिथे घेऊन गेला. भाषा येत नव्हती, मित्र नव्हते, रविवार खायला उठायचा. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू रायफल चालवली होती, तेवढ्या भांडवलावर मी आत शिरलो आणि मग तिथलाच झालो. नेम मारून झाला की लाकडी बाकांवर बसून बटाट्याचं सॅलड खायचं आणि कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते ऐकायचं. माझं निम्मं जर्मन मी त्या बाकांवर शिकलो.

परवाना मिळाला तेव्हा सगळ्यांनी आधुनिक पिस्तूल सुचवलं. मी घेतलं जुन्या धाटणीचं सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्वर. त्यात दर गोळीला मागचा घोडा अंगठ्यानं खेचावा लागतो. चाप ओढला की एक गोळी सुटते, पुन्हा अंगठा, पुन्हा घोडा. लोक हसले. मला मात्र त्या घोड्याच्या ‘कट्-कट्’ आवाजात दिवाळी ऐकू यायची. लहानपणी टिकल्यांचं पिस्तूल असायचं, लाल टिकल्यांचा रोल आत सरकवायचा, अंगठ्यानं घोडा मागे आणि ठो. तो बारुदाचा वास बोटांना दिवसभर यायचा आणि आई फराळाच्या ताटाला हात लावू द्यायची नाही. हे मी जर्मन मंडळींना कसं समजावणार? म्हणालो, मला यांत्रिक गोष्टी आवडतात. ‘या, गेनाऊ,’ म्हणजे हो, अगदी बरोबर, म्हणाले ते, आणि पटलं त्यांना.

एकच अडचण होती. मूठ लहान. माझा पंजा मोठा, करंगळी मुठीखाली लोंबकळत राहायची. या जातीच्या रिव्हॉल्वरचं एक बरं असतं. मुठीचा सांगाडा, म्हणजे ग्रिप फ्रेम, वेगळा असतो आणि स्क्रू काढून बदलता येतो. मी लांब पितळी फ्रेम मागवली. ती कधीच तंतोतंत येत नाही, कडा जरा बाहेर राहतात. मग कडांना निळी शाई लावायची, बसवून बघायची, जिथे घासलं जातं तिथे कानस चालवायची, पुन्हा बसवायची. आमच्या इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकली आणि लोणच्याच्या बरण्यांच्या मध्ये माझं छोटं टेबल आहे. एक अख्खा हिवाळा मी तिथे घालवला. बाजूच्या पट्ट्या अक्रोडाच्या लाकडाच्या केल्या. मुलगी तेव्हा शाळेत होती, ती पायरीवर बसून गृहपाठ करायची आणि मधूनच जर्मनमध्ये विचारायची, झालं का? बायको वरून हाक मारायची, ‘अहो, ते पितळ चिंचेनं घासून देऊ का? देवाची भांडी करतेच आहे.’ आणि खरंच द्यायची. आमचं निरांजन आणि रिव्हॉल्वरची फ्रेम एकाच चिंचेच्या कोळात उजळलेली आहेत. त्या हिवाळ्याइतका सुखी मी नंतर क्वचितच झालो.

मग काही वर्षांनी अंगठे गेले. आधी डावा, मग उजवा. मुळाशी असलेला सांधा झिजला म्हणे. बरणीचं झाकण उघडेना, किल्ली फिरेना, आणि घोडा तर नाहीच नाही. डॉक्टरीणबाईंनी पट्टा दिला, इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, बघू. ‘बघू’ या शब्दावर मी वर्षभर जगलो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातला मी. दर शनिवारी क्लबात जायचो, रिव्हॉल्वर पुसायचो आणि तसंच परत आणून तिजोरीत ठेवायचो.

त्याच काळात बायको क्लबात यायला लागली. मुलगी लुडविग्सहाफेनला केमिस्ट म्हणून नोकरीला लागली होती, घर रिकामं झालं होतं. सुरुवातीला ती नुसती बाकावर बसून विणकाम करायची. मग एकदा क्लबच्या बंदुकीनं तिनं नेम धरला, आणि काय सांगू, माझ्या पहिल्या वर्षात मला जमलं नव्हतं ते तिला पहिल्या महिन्यात जमलं. नियमानं शिकली, परीक्षा दिली, स्वतःचा परवाना काढला. आणि एक दिवस जेवताना, आमटी वाढता वाढता म्हणाली, ‘अहो, तुमचं रिव्हॉल्वर माझ्या नावावर करून घेऊ या का? पडून राहण्यापेक्षा मी वापरते. फक्त मूठ बदलावी लागेल. माझ्या हातात ती मावतच नाही.’

मी भात कालवत राहिलो. रिव्हॉल्वर द्यायला माझी ना नव्हती. पण मूठ बदलायची म्हणजे मी परत कधी ते हातात धरणार नाही, हे कबूल करायचं. ते डॉक्टरीणबाई बोलल्या नव्हत्या, मी बोललो नव्हतो, आणि ही आमटीच्या वाटीवरून बोलून मोकळी झाली. मी म्हटलं, ‘करू. पण मधली काढू. दोघांना चालेल अशी.’

ती हसली. ‘एका म्यानात दोन तलवारी म्हणतात ते ठाऊक आहे ना?’

‘ही तलवार एकच आहे,’ मी म्हटलं. ‘धरणारे हात दोन आहेत.’

कागदपत्रं तिच्या नावावर झाली. नवी फ्रेम आली. आखूड, गोलसर, पाठ पक्ष्याच्या डोक्यासारखी वळलेली. जुनी काढताना स्क्रू तिनं फिरवले, कारण चिमटीत धरायचं काम मला होत नाही. कानस मात्र मी चालवली, ती तळव्यात धरता येते. शाई लाव, बसव, काढ, घास. केलर तेच, टेबल तेच, लोणच्याच्या बरण्या बदलल्या होत्या एवढंच. बाजूच्या पट्ट्यांसाठी ह्या वेळी मेपलचं फिकट लाकूड घेतलं, जवळजवळ दुधाच्या रंगाचं. आणि त्या पट्ट्या मी जाड ठेवल्या. फ्रेम आखूड असली तरी पट्ट्या जाड असतील तर मोठ्या पंजात काहीतरी भरतं. तिनं हातात घेऊन पाहिलं, बोटं पुरती वळेनात. ‘थोडी जाड आहे हो,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘सवय होईल.’ तिनं रिव्हॉल्वर टेबलावर ठेवलं आणि ती वर निघून गेली.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी क्लबची स्पर्धा होती, तिची पहिली. आणि त्याआधी खंडेनवमी आली. आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, म्हणजे माझं व्हर्निअर, तिचा लॅपटॉप, सुरी, कात्री, आणि परवाना मिळाल्यापासून पाटावर मधोमध रिव्हॉल्वर. अर्थात रिकामं. झेंडू इथे मिळत नाही असं नाही, पण मिळतो तो कुंडीत, तेव्हा कुंडीच पाटाशेजारी. दरवर्षीप्रमाणे मी हळद कालवली, बोट बुडवलं आणि मुठीवर दोन्ही बाजूंनी छान ठसठशीत बोटं ओढली. वर कुंकू, अक्षता. नमस्कार केला, फोटो काढला, मुलीला पाठवला.

अक्रोडाच्या जुन्या पट्ट्यांवर तेलाचे हात देऊन देऊन कवच झालं होतं, हळद पुसली की जायची. मेपलला मी अजून तेल लावलंच नव्हतं. कोरं लाकूड हळद प्यायलं. संध्याकाळी पुसायला गेलो तर दुधावर पिवळेधमक डाग. आणि मग तीस वर्षं इंजिनिअर म्हणून पगार घेतलेल्या माणसानं काय करावं? साबण लावला. ज्या मराठी माणसानं जन्मात एकदा तरी पंगतीत शर्टावर वरण सांडलंय, त्याला पुढचं ठाऊक आहे. पिवळ्याचं लालभडक झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायको दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती, आणि मी तिच्यावर उगीचच ओरडलो, की हळद एवढी दाट कशाला कालवायची. कालवली मीच होती.

मुलीला फोन लावला. केमिस्ट झालीस तर उपयोग कर म्हटलं. मी मराठीत विचारत होतो, ती जर्मनमध्ये उत्तरं देत होती, आमचं नेहमीचंच. ‘पापा, कोऱ्या लाकडावर?’ असं तिनं दोनदा विचारलं. उन्हात ठेवलं तर हळद उडते म्हणाली. ऑक्टोबरात आमच्याकडे ऊन कुठलं? दोन दिवस पट्ट्या खिडकीत ठेवल्या, बाहेर धुकं. शेवटी एकच उपाय राहिला, घासून काढणे.

शुक्रवारी कामावरून लवकर आलो आणि केलरमध्ये बसलो. पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासायला लागलो. डाग वरवर असेल असं वाटलं होतं, पण तो आत उतरला होता. जेवढा डाग निघत होता तेवढी मूठ बारीक होत होती. मधूनमधून मी पट्टी हाताला लावून पाहत होतो. आधी पंजा भरत होता, मग सैल, मग अगदीच पोकळ. मी थांबलो. थोडा डाग राहू दिला असता तर चाललं असतं, तेलाखाली दिसलाही नसता. जाडी वाचली असती. कोणी मला विचारणारं नव्हतं.

बायको खाली आली. स्टुलावर बसली. म्हणाली, ‘अहो, राहू द्या आता. आहे तशी चालेल मला.’ माझ्याकडे न बघता म्हणाली. तिला कळलं होतं मी कशापाशी थांबलोय ते. आणि उद्या तिची स्पर्धा होती, न वळणाऱ्या बोटांनी ती तशीच गेली असती, माझ्यासाठी.

मी ठोकळा पुन्हा उचलला. डाग केव्हाच निघून गेला, तरी मी घासत राहिलो. तिचा हात मागायचो, पट्टी लावायचो, करंगळी कुठे येते बघायचो, पुन्हा घासायचो. तळव्याच्या फुगवट्यापाशी जरा खोलगट केलं. तिचा हात इतक्या बारकाईनं मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही पाहिला नसेल. शेवटी तिनं मूठ धरली आणि चारही बोटं जागच्या जागी गेली. ‘बसली,’ ती म्हणाली. मग मी धरून पाहिली. करंगळी बाहेर, तिच्याशेजारचं बोटही निम्मं बाहेर. लहान मुलाची चप्पल पायात घालून बघावी तसं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला मी तेलाची बाटली शोधायला लागलो.

शनिवारी सकाळी क्लबात गर्दी होती. अध्यक्ष आजोबांनी, ज्यांना आम्ही सगळे ओपा म्हणतो, मला दंडावर बांधायचा नारिंगी पट्टा दिला आणि लेनवर देखरेखीला उभं केलं. त्यांनी मूठ पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. बायको रेषेवर जाऊन उभी राहिली. सलवार-कमीजवर क्लबचं जाकीट, कानांवर संरक्षक. माझी जागा तिच्या मागे दोन पावलांवर.

तिनं हात वर केला. रिव्हॉल्वर हलत नव्हतं. गारठा होता म्हणून मी हात जाकिटाच्या खिशात घातले होते. तिचा अंगठा घोड्यावर गेला आणि तिनं तो मागे ओढला, कट्-कट्, आणि माझ्या खिशात माझा अंगठा आपोआप वाकला आणि मुळापासून दुखला.