मिसरच्या बाईचा हार

भूत पाहिलेला माणूस नेहमी दुसऱ्याच कुणाचा तरी मावसभाऊ असतो, असं म्हणून मी आजवर हसत आलो. आता सांगायची पाळी माझ्यावरच आली आहे...

मी गिरगावात, मुगभाटाजवळच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो – एकटा. प्लेगच्या साथीत बायकोला हॉस्पिटलात नेलं आणि तिथून परस्पर स्मशानात. मळवट नाही, ओटी नाही, डोक्यात वेणीसुद्धा नाही. सवाष्ण बाई अशी गेली, हे माझ्या घशाखाली कधी उतरलं नाही. पुढे देवळापाशी बसणारी वसईची एक नवी फुलवाली चाळीत येऊ लागली, तिच्याकडे मी वेणीचा रतीब लावला. ती सकाळी दाराच्या कडीला वेणी अडकवून जाई. घरात बाई नाही, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

माझं पोट चित्रांवर. परळच्या एका पारशी शेटजींनी इजिप्तहून ममीच्या गळ्यातला हार आणला होता, त्याचं ड्रॉइंग हवं होतं. पानं दुमडून, आत कमळाच्या पाकळ्या खोचून शिवलेला, पार वाळलेला.

"कोनतरी मिसरची बाई होती," शेटजी म्हणाले. "हजारो वरस झाला, पन तिच्या मानसांनी घातलेली फुलं अजून हाय."

मला भडभडून आलं. हेवाच वाटला म्हणा ना.

काम उरकताना एक पाकळी गळाली. "टाकून दे कचऱ्यात," शेटजी म्हणाले. वाहिलेलं फूल आम्ही केरात टाकत नाही. प्रेतावरचं फूल निर्माल्य होत नाही, विटाळच होतो, हे मलाही कळतं. पण हात धजेना. पाकळी रुमालात घेऊन ट्रॅमने आलो आणि दिवेलागणीला चौपाटीवर पाण्यात सोडली. वर वेड्यासारखा बोललो, "बाई, तुला पुष्कळ मिळाली. ही एक माझ्या माणसाला दे."

सकाळी कडीला वेणी नव्हती. फुलवालीला जिन्यात गाठलं.

"दादा, काल दिवेलागणीला तुमची बाय देवळापाशी आली ना. बोलली, आमच्या ह्यांनी फूल पोचवलं, आता वेणी नको."

पाकळीचं मी कुणाजवळ बोललो नव्हतो. थट्टा म्हणावी, तर करणार कोण? मला अजून उलगडा नाही.

तिला पोचलं, याचं समाधान आहे. पण रिकामी कडी बघवेना. चार दिवसांनी मी फुलवालीला म्हटलं, "वेणी परत सुरू कर."

"बायनं नको सांगितलंय," ती म्हणाली. "तिला इचारून सांगा."

विचारतो म्हणालो, आणि दार लावून घेतलं.