चार बोटांची दुमड

शिवणवाल्या मावशींना कापड वाया गेलेलं बघवत नसे. कात्रीतून सुटलेला वीतभर तुकडासुद्धा त्या गुंडाळून पलंगाखाली सारत. एका दवाखान्याचे पडदे शिवून उरलेला गडद निळ्या कापडाचा अख्खा गठ्ठा तिथं सात वर्षं पडून होता. सून म्हणायची, आमच्या सासूबाई पलंगावर नाही, गोदामावर झोपतात. मावशी ऐकून घ्यायच्या आणि आणखी एक तुकडा आत ढकलायच्या.

चौकातल्या प्राथमिक शाळेचे गणवेश त्याच शिवत. दोन वर्षांपूर्वी, ज्यांच्या घरी हातातोंडाची गाठ पडणं मुश्किल अशा मुलांसाठी, शाळेला सरकारकडून जादा निधी मिळाला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, त्यातून आधी गणवेश करायचे ठरवले आणि मावशींना बजावलं, की पुढच्या वर्षी यातून कपडे होतीलच असं नाही, तेव्हा टिकाऊ शिवा. मावशींना एवढं सांगणं पुरे होतं. इतरांच्या स्कर्टला त्या खाली बोटभर दुमड घालत, या मुलींच्या स्कर्टला त्यांनी चांगली चार बोटं घातली. पोरगी वाढली की उसवायची, स्कर्ट लांब! आपल्या या हुशारीचं त्यांना इतकं कौतुक, की गल्लीत भेटेल त्याला थांबवून सांगत.

समोरच्या इस्त्रीवालीची लेक त्या मुलींपैकीच. आता तिसरीत, अंगानं काडी. मावशी तिला टाचणी म्हणत. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी टाचणी भराभर उंच झाली, तशी मावशींनी स्वतः दुमड उसवून दिली. त्यानंतर ती दप्तर पाठीवर न घेता पुढे, गुडघ्यांवर धरून चालायला लागली. मावशी खिडकीतून बघत आणि मनात म्हणत, काय ही आजकालची चालायची तऱ्हा.

मग ती दिसेनाशी झाली. आजारी असेल, असं मावशी धरून चालल्या. आठवडा उलटला, आणि सहामाहीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी इस्त्रीवाली तो स्कर्ट घेऊन दारात उभी राहिली. ही दुमड परत वर घालून द्या म्हणाली. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार बोटं ठेवली ती काय शोभेला? गुडघ्याच्या वर जाईल की स्कर्ट! कुणाचं भलं करायची सोयच राहिली नाही म्हणायची.

इस्त्रीवालीनं वाद घातला नाही. तिनं स्कर्ट मशीनवर पसरला. दोन वर्षांच्या उन्हानं आणि धुण्यानं राखाडी रंग पार उडालेला. खाली उसवलेला पट्टा मात्र नव्यासारखा गडद, आणि दोहोंच्या मधे जुन्या घडीची पांढरी रेघ.

"ओलं फडकं घालून दाबली, व्हिनेगर लावून दाबली. मावशी, अख्ख्या गल्लीच्या सुरकुत्या मी काढते, पण माझ्या पोरीची ही रेघ मला काढता येत नाही," ती म्हणाली. "शाळेत अशा पोरींना रेघवाल्या म्हणतात. रेघ दिसली की फुकटातली."

मावशींनी त्या रेघेवर बोट ठेवलं. गालावर चार बोटं उठावीत, तशी ती चार बोटं या पोरींच्या अंगावर उठली होती. आणि उठवली कुणी, तर आपणच, मायेनं.

इस्त्रीवालीनं पुढचंही सांगितलं. यंदाच्या निधीतून मोठ्या बाईंनी एक जादा शिक्षिका आणली होती. मागे पडलेल्या मुलांना ती रोज तासभर वाचायला शिकवायची. टाचणीला अक्षरं जोडता यायला लागली होती. पण त्या तासाला जागा मोजक्या आणि वाट बघणारी मुलं बरीच. सुट्टीनंतरच्या सोमवारी टाचणी आली नाही, तर तिची जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि टाचणीनं सांगून टाकलं होतं, त्या स्कर्टात मी जाणार नाही.

मावशी तशाच चपला अडकवून शाळेत गेल्या. नवे स्कर्ट करा म्हणाल्या. मोठ्या बाईंनी हात जोडले. नवे कपडे करायचे तर वाचनाचा तास बंद करावा लागेल, आणि तो त्या काही झालं तरी बंद करणार नव्हत्या. मावशींनाही ते पटलं; पटलं म्हणूनच राग जास्त आला. मग त्यांना पलंगाखालचा गठ्ठा आठवला. त्या निळ्या कापडाचा चार बोटांचा काठ लावला, तर रेघ आणि गडद पट्टा, दोन्ही त्याखाली जातील.

"म्हणजे रेघवाल्यांच्या काठवाल्या होतील," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलं काय आंधळी आहेत?"

इथं घोडं अडलं खरं. मावशी दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"मग सगळ्यांना लावते," त्या म्हणाल्या. "शाळेतल्या झाडून सगळ्या मुलींना. तुम्ही फक्त चिठ्ठी काढा, की आता गणवेशाला काठ असणार."

मोठ्या बाईंनी कागद पुढे ओढला.

सुट्टीचे नऊ दिवस मावशींच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. घरोघरचे स्कर्ट येऊन पडले. सून पट्ट्या कापायची, मावशी शिवायच्या, आणि इस्त्रीवाली आपलं गिऱ्हाईक तिष्ठत ठेवून काठ दाबून द्यायची. मावशींची कंबर धरली, बोटं सुजली. बंगल्यातली एक आई तणतणत आली, आमच्या चांगल्या स्कर्टला हे ठिगळ कशाला म्हणून. मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून त्या बंगलेवाल्या बाईंचा मान राहिला. सुनेनं मात्र, आता हीच फॅशन आहे, असं इतक्या गोड आवाजात सांगितलं, की बाई मुकाट स्कर्ट ठेवून गेल्या.

रविवारी दुपारी टाचणी आपला स्कर्ट घालून बघायला आली. काठ लावलेल्या स्कर्टांच्या चळतीकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"सगळ्यांना?" तिनं विचारलं.

"सगळ्यांना," मावशी म्हणाल्या.

"माझ्यासाठी?"

हो म्हणणं सोपं होतं. पोरीलाही बरं वाटलं असतं. पण मावशींनी मशीन थांबवलं.

"नाही गं बाळा, माझ्यासाठी. ती रेघ मी पाडली. चूक माझी, आणि दप्तराआड लपत फिरलीस तू."

टाचणी स्कर्ट घडी करून घेऊन गेली.

सोमवारी सकाळी मावशी खिडकीत काम घेऊन बसल्या, पण एक टाका घातला असेल तर शपथ. समोरचं दार उघडलं. टाचणी बाहेर आली. दप्तर पुढेच, गुडघ्यांवर. मावशींचा जीव तुटला. एवढं करूनही पोरीची भीती गेली नव्हती. कोपऱ्यावर तिला शाळेच्या चार-पाच मुली भेटल्या, त्यात त्या बंगल्यातल्या बाईंची मुलगीही होती. टाचणीनं वाकून एकेकीचा काठ नीट बघितला, भाजी निवडावी तसा. मग तिनं दप्तर उचलून पाठीवर टाकलं आणि सगळ्यांच्या पुढे पळत सुटली.

मावशींना पुढचं दिसलं नाही. डोळे पुसून त्या सुईत दोरा ओवायला लागल्या, तो काही केल्या जाईना. सुनेनं त्यांच्या हातातली सुई घेतली आणि ओवून दिली.