बंड्याचा कान

शेजारच्या मंदाताई गल्लीतल्या कुत्र्यांची चित्रं रंगवतात आणि विकून आलेले पैसे कुत्र्यांच्या नसबंदीसाठी देतात. काल त्यांच्या पायरीवर पडून असणाऱ्या बंड्याच्या चित्रापुढे एक गृहस्थ हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, डोळे काय बोलतात हो! तेवढा कान नीट करा. दिवाणखान्यात तुटका कान बरा दिसत नाही."

कान तुटका नव्हता. नसबंदी झालेला कुत्रा ओळखू यावा म्हणून डॉक्टरच कानाला खाच पाडतात. ताई हे समजावतील असं मला वाटलं. पण त्यांनी ब्रश उचलला आणि खाच बुजवली.

उद्या न्यायला येतो म्हणून गृहस्थ गेले. मी म्हटलं, "ताई, हे खोटं नाही का?"

"आहे की. पण हा एक कान शिवला म्हणून आणखी चार कापता येतील."

माणसांना भटका कुत्रा हवा असतो, पण तो घरंदाज दिसला पाहिजे. यावर हसावं की चिडावं, मला कळेना. तेवढ्यात पायरीवरचा खरा बंड्या आत आला. ताईंनी रंगाच्याच बोटांनी त्याचा कान कुरवाळला. खाचेच्या कडेला तपकिरी रंग लागला आणि ती उलट जास्तच उठून दिसू लागली.