बोडिलने आणलेला केक

आमच्या बेटावर, ओडेन्स शहराजवळच्या पंपांच्या कारखान्यात बोडिल आणि मी वर्षानुवर्षं शेजारशेजारच्या बाकांवर काम केलं. मी पंप जोडायचो. ती कामावरचे फोन आणि टॅब दुरुस्त करायची. लिहिण्याची मला सवय नाही. पण तिच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

कॅन्टीनमध्ये कुणी नवा फोन दाखवला की बोडिल आधी तो पालथा करायची. झाकण उघडत नाही असं दिसलं की परत देत म्हणायची, "छान आहे. पण तुझा नाही. ज्याला उघडता येतो, त्याचा." तिचा स्वतःचा फोन इतका जुना होता, की गोदामातला प्रेबेन रोज त्या 'आजोबां'ची तब्येत विचारायचा. "तुझ्यापेक्षा बरी आहे," ती म्हणायची.

मग येप्पे व्यवस्थापक झाला. माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणं, उपकरणं भाड्याने घेऊ, बिघडली की बदलून मिळतील. दुरुस्तीचा बाक हवा कशाला? आम्ही कुरकुर केली तेव्हा त्याने ईस्टरपर्यंत मुदत दिली. तोवर बोडिलच्या हातून एकही वस्तू वाया गेली नाही, तर बाक राहील.

ईस्टर तोंडावर आला आणि नेमका प्रेबेनचा टॅब तिच्या हातून वाया गेला. आखूड स्क्रूच्या जागी तिने लांब स्क्रू पिळला आणि तो आतल्या नाजूक पट्टीत घुसला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. प्रेबेन हळूच म्हणाला, गोदामात ओल असतेच, पाणी शिरलं म्हणून सांग, मी मान डोलावतो. तिने तो स्क्रू काढून खिशात टाकला.

आमच्याकडे रीत अशी, की ज्याच्या हातून चूक होते त्याने दुसऱ्या दिवशी केक आणायचा आणि चूक सगळ्यांसमोर सांगायची. केक खाणाऱ्याने मग ती चूक पुन्हा उकरायची नाही. येप्पेही आमच्याच बेटावरचा. त्याला हे सांगावं लागत नव्हतं.

सकाळी बोडिल ब्रुन्सविगर, म्हणजे आमच्याकडचा साखरेचा केक, घेऊन आली. वरचं लोणी आणि तपकिरी साखर अजून कोमट होती. शेजारी तिने टॅब ठेवला आणि तो स्क्रू.

"लांब स्क्रू आखूड भोकात घातला," ती म्हणाली. "चूक माझी. पाणीबिणी काही शिरलेलं नाही."

सगळ्यांनी तुकडे उचलले. येप्पे नुसती बशी धरून उभा होता. सगळ्यांचं लक्ष त्या बशीकडे.

"हा खाल्ला तर मला काही बोलता येणार नाही," तो म्हणाला.

"मग नको खाऊस. पण मधला तुकडा आहे, साखर जास्त. तू नाही घेतलास तर प्रेबेन घेईल."

प्रेबेनचा हात निघालाच होता. येप्पेने बशी मागे ओढली आणि उभ्या उभ्या सगळा तुकडा संपवला. बोटंही चाटली.

बाक राहिला. तो स्क्रू बोडिलने बाकावरच्या दिव्याच्या दांड्याला चिकटपट्टीने लावून ठेवला. बाहेरून आलेलं कुणी ना कुणी विचारायचंच, हे काय? मी चारचौघांत फारसा बोलत नाही. पण त्या केकची गोष्ट बोडिलने तोंड उघडायच्या आत मीच सांगायचो.