वरदराज कंपौंडरचं कासव

वरदराजाला कुंभकोणात डॉक्टर कुणी म्हणत नसे. गुरांच्या दवाखान्यात तो कंपौंडर. धोतराला कायम टर्पेंटाइनचा वास. पण दर रविवारी तो आगगाडीनं तरंगंपाडीला जाई, आणि किनाऱ्यावर मरून पडलेली समुद्रातली कासवं सुरीनं उघडून बघे. आतड्यात काय, फुप्फुसात काय, कातडीला जळवा किती, सगळं वहीत लिही. घरी आला की बायको नागलक्ष्मी त्याला परसातल्या विहिरीवर न्हायला लावी, मगच दार उघडी. तमिळ गावातल्या या मराठी देशस्थांच्या गल्लीत मेलेलं जनावर फाडणारा हा एकटाच. गल्ली नाक मुरडे. तो म्हणे, "मुरडा. नाक तुमचें आहे."

छप्पन्न सालच्या चैत्रात गल्लीतल्या अप्पारावांसारख्या वजनदार माणसानं, म्हणजे खुद्द अप्पारावांनीच, नवस फेडला. गुडघे बरे झाले तर पेरुमाळाच्या, म्हणजे विष्णूच्या, तळ्यात कूर्म सोडीन, असं बोलले होते. कोळ्यांकडून जिवंत कासव आणवलं, पाठीला हळदकुंकू लावलं, नादस्वर वाजवत देवळाच्या तळ्यात सोडलं. दोन दिवसांत त्याच्या अंगावरच्या जळवा गळून पडल्या. देवाच्या पाण्याचा गुण, म्हणून गल्ली हरखली.

वरदराज पायरीवर बसून बघत होता. गोड्या पाण्यात समुद्रातल्या जळवा मरतात, हे त्यानं बादलीत करून बघितलं होतं. दोन दिवस ते पाणी औषध, पुढं विष. तिसऱ्या आठवड्यात कासव एका अंगावर कलून तरंगू लागलं. डोळे सुजले. उजव्या पुढच्या पायाच्या वल्ह्याला जाळ्याची दोरी काचलेली, ती जखम चिघळली. लोक कुरमुरे टाकत, दहीभात टाकत. ते तोंड लावीना.

"अप्पाराव, हें समुद्राचें जनावर," वरदराज म्हणाला. "खारें पाणी पाहिजे, खेकडे पाहिजेत. परत न्या, नाहींतर मरेल."

"नवसाचें परत न्यायचें? आणि माझे गुडघे?"

"गुडघ्यांस बैलांस चोळायचें तेल देतों."

पायऱ्यांवरचे सगळे हसले, अप्पाराव सोडून. "तुम्मी शेणांत हात घाला. देवांत नोको."

वरदराज उठला, घरातली टोपली उचलून थेट मासळीबाजारात. ती भरून खेकडे घेतले, वर फडकंसुद्धा टाकलं नाही, आणि भर दुपारी ब्राह्मणांच्या गल्लीतून आणले. तळ्यात कमरेएवढा उतरला आणि एकेक कासवापुढं धरू लागला. पहिले दोन कासवानं सोडले. तिसरा कडकन फोडला. तो आवाज वरच्या पायरीपर्यंत गेला.

अप्पारावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "गुरुवारीं तुझ्या बापाचें श्राद्ध ना? भटजी कोण येतो बघतों. तळें शुद्ध करून दे, पायां पड, आणि कासव असूं दे आहे तिथें. मग येतील."

घरी नागलक्ष्मीनं टोपली ओळखली. "भाजी धुवायची होती ती."

"हूं."

"जगेल कीं तें?"

"समुद्रांत गेलें तर."

"मग इथें कां बसलांत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, पूजेच्या गर्दीत, वरदराज दवाखान्याची हातगाडी घेऊन तळ्यावर आला. अप्पाराव आडवे उभे राहिले. "हात लावलास तर गल्लींत घोटभर पाणी मिळणार नाहीं."

"विहीर माझ्या परसांत आहे. तिथेंच न्हातों मी, तुम्मीच बघतां."

कासव जड. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला नागलक्ष्मीनं नऊवारीचा पदर खोचून हात घातला. कुणी पुढं आलं नाही. अडवायलाही नाही. दवाखान्यात त्यानं जखमेला सात टाके घातले, ओल्या गोणपाटात कासव गुंडाळलं आणि स्टेशन गाठलं. बाबूनं विचारलं, हे काय म्हणून लिहू? वरदराज म्हणाला, "वासरू लिहा." मायावरमला गाडी बदलून संध्याकाळच्या आत तरंगंपाडी. लाटेत ते आधी कललं, मग सरळ झालं, मग दिसेना.

गुरुवारी भटजी आला नाही. वरदराजानं आठवले तेवढे मंत्र म्हटले आणि विसरला तिथं बापाला म्हणाला, "अप्पा, पुढचें येत नाहीं. भात गरम आहे, घ्या."

पुढं पेन्शन होईपर्यंत त्यानं एकही रविवार चुकवला नाही. किनाऱ्यावर मेलेलं कासव दिसलं की आधी उजवं वल्हं बघायचा, सात टाके आहेत का. वहीत त्या कासवासाठी एक पान राखलं होतं.

गुडघे धरून ओट्यावर बसलेले अप्पाराव दर सोमवारी हाक मारत, "सांपडलें कीं रे मेलेलें?"

"नाहीं. पान कोरेंच आहे," वरदराज म्हणे, आणि पायातल्या वहाणा मुद्दाम वाजवत त्यांच्या ओट्यापुढूनच दवाखान्याला जाई.