इस्त्रीच्या यंत्राला घातलेला वळसा

आमचे हे चिनी युद्धकलेचे गुरुजी. गुरुजी म्हणे! माझ्या वडिलांच्या लाँड्रीत गठ्ठे पोचवायचे, तिथंच घरजावई होऊन चिकटले.

कला खरी मास्तरांची. मास्तर चीनहून आलेले, आमच्याकडे इस्त्रीवर होते. काम संपलं की इस्त्रीच्या खोलीतच संथपणे हातपाय फिरवायचे, आणि हे त्यांच्या मागे शेपटासारखे. मास्तर वारले, लाँड्री बंद पडली, यंत्र भंगारात गेलं. यांनी त्या खोलीत आरसे आणि मास्तरांचा फोटो लावून, बाहेर त्यांच्या नावाची पाटी ठोकून वर्ग काढला. मग काय विचारता! मास्तर जे तोंड मिटून करायचे, ते हे "हाऽऽ!" करून ओरडत करायला लागले. पोरांना उड्या हव्या होत्या, उड्या आल्या. पोरं गळाली, गुडघेदुखीवाले आले, तशा उड्या गेल्या आणि बासरीची कॅसेट आली. कमरेला रंगीत पट्टे तर कुठून आले, देव जाणे.

सगळ्यांत थोर यांचं 'गुप्त पाऊल'. मधेच डावा कोपर पोटाशी घेऊन तिरकं सरकायचं. "हे शत्रूच्या सावलीतून निसटणं," असं डोळे मिटून सांगायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला! अहो, तिथं वाफेचं इस्त्रीयंत्र होतं. मास्तरांचा कोपर त्याला लागून भाजला, मलम मीच लावलं. तेव्हापासून ते तिथून अंग चोरून जायचे. यांना शंभरदा सांगितलं, तर म्हणे, "तुला त्यातलं काय कळतंय?"

मग पाटीवरचं नाव बघून मास्तरांची पुतणी आली. त्यांच्या गावची तालीम ती चालवते. व्यापारासाठी इकडे येऊन-जाऊन असते, म्हणून भाषा तोडकीमोडकी येते. तिनं आल्या आल्या सांगितलं, तुमची कला बघते, आमच्या घराण्याची वाटली तर मास्तरांचा फोटो आणि नाव ठेवा, नाहीतर उतरवा. फोटो उतरला असता, तर यांच्या वर्गात कुत्रं फिरकलं नसतं.

यांनी सुरुवात केली. बाई दगडासारखी बघत उभी. गुप्त पाऊल आलं आणि तिनं हात वर केला.

"हे आमच्यात नाही."

यांच्या तोंडचं पाणी पळालं. वळून माझ्याकडे बघायला लागले. आता आली का बायकोची आठवण!

"इथं इस्त्रीचं यंत्र होतं, बाई," मी म्हटलं. "तुमच्या काकांचा कोपर भाजला होता." हात पसरून दाखवलं, इथपासून इथपर्यंत.

ती त्या जागी गेली. डावा कोपर पोटाशी घेतला, तिरकी सरकली. परत मागे येऊन पुन्हा सरकली. डोळे भरून आले होते तिचे.

"काका घरातून गेले ते गेलेच," ती म्हणाली. "कुठं आहेत, काय करतात, कुणाला ठाऊक नव्हतं." मग यांच्याकडे वळली. "फोटो राहू द्या. हे पाऊल मी गावी शिकवीन. एवढंच काकांचं आहे. बाकी सगळं चुकतंय तुमचं."

शेवटचं वाक्य यांच्या कानात शिरलंच नाही. दुसऱ्या दिवशी छाती फुगवून वर्गाला सांगत होते, "आपलं पाऊल आता चीनमध्ये शिकवणार!" जन्मात पहिल्यांदा खरी बढाई मारली या माणसानं, तीही आमच्या इस्त्रीच्या यंत्राच्या जिवावर.